फोरमन विरुद्ध होम्स: ठोशाची ताकद आणि पायांचं गणित

प्रश्न असा आहे: 1973 चा जॉर्ज फोरमन आणि 1980 च्या सुमाराचा लॅरी होम्स, दोघंही हेवीवेट बॉक्सर, दोघंही ऐन भरात, 15 फेऱ्या, 20 फुटी रिंग. कोण जिंकेल? विचारणाऱ्याने स्वतःचं उत्तरही सोबत जोडलंय. मुहम्मद अलीने 1974 मध्ये किंशासात दोरांना टेकून फोरमनला दमवलं, होम्स अलीच्याच शिबिरात स्पारिंग पार्टनर म्हणून घडला, म्हणजे त्यानेही तोच डाव टाकला असता आणि लढत मारली असती.

माझं उत्तर होम्सच आहे, पण दोरांना टेकून नव्हे. तसा टेकला असता तर चौथ्या फेरीची घंटा त्याने ऐकलीच नसती. शिवाय हे उत्तर मी छातीठोकपणे देत नाही. दोघांना दहा वेळा लढवलं तर सहा वेळा होम्स आणि चार वेळा फोरमन, आणि फोरमनच्या त्या चारपैकी तीन पहिल्या चार फेऱ्यांच्या आत. 'ताकद की कौशल्य' अशी मांडणी केली की मात्र सगळा विचारच फसतो. फोरमनच्या पायांत जी अक्कल होती ती कसलेल्या म्हणवणाऱ्या पुष्कळ बॉक्सरांकडे नव्हती, आणि होम्सचा जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) गुण गोळा करण्याची टिचकी नव्हता, चांगला दणका होता.

आधी एक लंगडा पुरावा बाजूला काढू, कारण या वादात तो हमखास येतो. फोरमनने 26 मार्च 1974 ला कराकसमध्ये केन नॉर्टनला दुसऱ्या फेरीत संपवलं. त्याच नॉर्टनशी होम्सला 9 जून 1978 ला पूर्ण 15 फेऱ्या झुंजावं लागलं, आणि निकालही जजांच्या विभागलेल्या मतांवर लागला. म्हणजे फोरमन होम्सला खाऊन टाकणार? मग दुसरी साखळी घ्या. जिमी यंगने फोरमनला हरवलं, ओसी ओकासिओने यंगला दोनदा हरवलं, आणि होम्सने मार्च 1979 मध्ये ओकासिओला सातव्या फेरीत गुंडाळलं. अशा साखळ्यांनी काहीही सिद्ध करता येतं. नॉर्टन फोरमनपुढे का पडला ते पाहिलं तर काही हाती लागतं. तो पुढे सरकत लढणारा माणूस होता, आणि मागे रेटला गेला की सरळ रेषेत मागे जायचा. फोरमनला नेमकं तेवढंच हवं असायचं. जो फ्रेझरचं उलट होतं. 22 जानेवारी 1973 ला किंग्स्टनमध्ये तो वाकून, डोकं खाली घालून आत घुसत राहिला आणि फोरमनच्या उजव्या अपरकटच्या, म्हणजे खालून वर येणाऱ्या ठोशाच्या, वाटेवर स्वतःच येत राहिला. दोन फेऱ्यांत सहा वेळा तो खाली गेला. होम्स या दोन्ही साच्यांत बसत नाही. तो ताठ उभा राहतो, त्यामुळे अपरकटला खाली डोकं सापडत नाही. तो मागे जातो, पण शेवटचं पाऊल तिरकं टाकतो.

अंगाची मापं पाहिली तर उंची दोघांची सहा फूट तीन इंच. फ्रेझरविरुद्ध फोरमन 98.7 किलोचा होता. होम्स त्या काळात 96 च्या आसपास असायचा. हातांची पोच होम्सची 81 इंच, म्हणजे फोरमनपेक्षा दोनेक इंच जास्त. ते दोन इंच ऐकायला किरकोळ वाटतात, पण दोन जॅब एकाच क्षणी सुटले तर त्यातला कुठला आधी पोचतो हे तेच ठरवतात.

आता फोरमनचे पाय. टीव्हीवर तो जड, संथ, दोन्ही हात पुढे काढून चाललेला दिसतो आणि लोकांना वाटतं, याच्याभोवती फिरत राहिलं की झालं. हिशेब करून बघा. होम्स रिंगच्या मध्यापासून दोन मीटरवर गोल फिरतोय असं धरा. एक पूर्ण फेरा साडेबारा मीटरचा होतो. फोरमन मध्याजवळ अर्ध्या मीटरच्या वर्तुळात वळत राहिला तर त्याला फक्त तीन मीटर चालावं लागतं. म्हणजे बाहेरचा माणूस चौपट चालतो आणि आतला त्याच्याकडे तोंड करून उभा राहतो. किंशासात पहिल्या फेरीनंतर अलीने नाचणं सोडलं याचं कारण भीती नव्हती, हे गणित होतं. फोरमन पाठलाग करत नसे. समोरचा स्वतःच्या डावीकडे निघाला की फोरमन पुढे न जाता उजवा पाय आडवा टाकायचा आणि वाट अडवायचा, दुसरीकडे निघाला की डावा. दोन-तीन आडव्या पावलांत समोरच्याची पाठ कोपऱ्याला लागायची. कबड्डीत चढाईवाल्याला कोपऱ्यात दाबतात तसंच, फरक इतकाच की इथे दाबणारा एकटाच असतो.

मग एकाच दिशेने फिरायचं नाही हे ओघानेच आलं. तरी दिशा कधी बदलायची हे बहुतेकांना सांगावं लागतं. फोरमनचा आडवा पाय हवेत असतानाच बदलायची. तो पाय जमिनीवर टेकला की उशीर झाला, कारण आता त्याचं वजन त्या पायावर बसलंय आणि हुक, म्हणजे बाजूने वळवून मारायचा ठोसा, तयार आहे. पाय हवेत असताना त्याला मारताही येत नाही आणि थांबताही येत नाही. त्या पाव सेकंदात एक जॅब टाकून उलट्या बाजूला पिव्होट करायचं, म्हणजे पुढच्या पायावर वळायचं. होम्सला हे जमत होतं. अलीइतकं तो नाचत नसे, पण पुढच्या चवड्यावर वळण्याचं त्याचं कसब अलीपेक्षा काटकसरीचं होतं, आणि 15 फेऱ्यांत काटकसरीलाच किंमत असते.

फोरमनचं दुसरं हत्यार म्हणजे त्याचे तळवे. त्याचे दोन्ही ग्लोव्ह पुढे काढलेले असायचे ते आळसामुळे नव्हे. उजव्या ग्लोव्हने तो समोरच्याचा जॅब खाली थापटायचा, आणि अंतर कमी झालं की दोन्ही हात समोरच्याच्या खांद्यांवर किंवा दंडांवर ठेवून त्याला ढकलायचा. ढकलल्यावर माणूस टाचांवर जातो, एक-दोन पावलं मागे जाऊन स्वतःला सावरतो, आणि सावरेपर्यंत त्याचे हात तोल सांभाळण्यात गुंतलेले असतात. ठोसा नेमका त्या क्षणी यायचा. फ्रेझरची लढत ठोशांकडे न बघता फक्त फोरमनच्या ढकलण्याकडे लक्ष ठेवून पाहा, लढत वेगळीच दिसते. नियमाने ढकलणं चुकीचं आहे, आणि रेफ्री कडक असेल तर दोनदा ताकीद देऊन गुण कापू शकतो. जागतिक लढतीत रेफ्री क्वचित तसं करतो.

या ढकलण्यावर उतारा आहे आणि तो शिकवता येतो. ग्लोव्ह खांद्याला लागताच तो खांदा मागे फिरवायचा, दार बिजागरीवर फिरतं तसा, आणि त्याच बाजूचा पाय तिरका बाहेर टाकायचा. ढकलणाऱ्याचा जोर मोकळ्या हवेत जातो, त्याचं वजन पुढच्या गुडघ्यावर येतं आणि डोकं पायांच्या पुढे निघून येतं. तिथे उजवा हात वरून मारायचा किंवा सरळ मानेवर हात टाकून मिठी मारायची. यातली नेहमीची चूक म्हणजे दोन्ही खांदे एकदम मागे घेणं. छाती उघडी पडते, पाय समांतर येतात, आणि पुढचा ठोसा आडव्या हाताने आला तरी माणूस जातो.

किंशासाबद्दल गैरसमज इतका पक्का बसलाय की त्यावर जरा थांबतो. 30 ऑक्टोबर 1974 ची लढत अलीने दोरांवर जिंकली असं म्हणतात, पण पहिली फेरी पाहा. अली रिंगच्या मध्यावर उभा राहून जॅबची तयारी न करता थेट उजवा हात मारतोय. समोरासमोरच्या पवित्र्यात उजव्या हाताला जॅबपेक्षा जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून थेट उजवा ही जोखीम असते आणि अव्वल बॉक्सरविरुद्ध तो कुणी सहसा मारत नाही. त्यामुळेच फोरमनची त्याविरुद्ध तयारी नव्हती. दोरांवर गेल्यानंतरही अली नुसता मार खात नव्हता. दोर ढिले होते, त्यामुळे डोकं रिंगच्या बाहेरपर्यंत मागे नेता येत होतं. फोरमनचे मोठे हुक दंडांवर आणि कोपरांवर पडत होते. मध्ये मध्ये अली सरळ दोन-तीन ठोसे तोंडावर मारत होता, विशेषतः फेरीच्या शेवटच्या अर्ध्या मिनिटात. आणि प्रत्येक मिठीत तो फोरमनच्या मानेमागे हात टाकून डोकं खाली दाबत होता. शंभर किलोच्या माणसाला मान वर करण्यासाठी प्रत्येक वेळी पाठीचे स्नायू वापरावे लागतात. आठ फेऱ्यांत हे किती वेळा झालं ते मोजा, मग दमण्याचं निम्मं कारण कळेल. उरलेलं निम्मं कारण ठोसे हुकण्यात आहे. लागलेला ठोसा समोरच्याच्या अंगावर थांबतो. हुकलेला ठोसा स्वतःच्याच खांद्याच्या आणि पाठीच्या स्नायूंनी थांबवावा लागतो, आणि त्यात दम जास्त जातो.

होम्सला यातलं काय घेता आलं असतं? मान दाबणं, नक्कीच. फेरीच्या शेवटी मारणं, तेही. दोरांवर राहणं मात्र नाही. अलीची हनुवटी आणि मार सोसण्याची ताकद वेगळ्याच जातीची होती. कुणी म्हणेल, 7 फेब्रुवारी 1992 ला 42 वर्षांच्या होम्सने रे मर्सरला कोपऱ्यात पाठ लावूनच हरवलं ना. हरवलं, आणि ती लढत बघण्यासारखी आहे. पण मर्सर सरळ आत यायचा, त्याच्यात ढकलण्याचं आणि वाट अडवण्याचं तंत्र नव्हतं. कोपऱ्यातून बाहेर पडायची दारं तो उघडी ठेवायचा. फोरमन ती बंद करून मग मारायचा.

होम्सने अभ्यासायला हवी होती ती दुसरी लढत: 17 मार्च 1977, सान हुआन, जिमी यंग. यंगचा ठोसा जड नव्हता, अंगकाठीने तो फोरमनपेक्षा लहान होता, तरी 12 फेऱ्यांच्या शेवटी तो गुणांवर जिंकला आणि बाराव्या फेरीत फोरमन खालीही गेला. यंगने केलं काय? फोरमन हात उचलायला लागला की तो अर्धं पाऊल मागे घ्यायचा, फोरमन थांबला की पुढे घ्यायचा. म्हणजे अंतर सतत चुकीचं ठेवायचा, एक तर ठोशाच्या बाहेर किंवा इतकं जवळ की ठोशाला जागाच नाही. मधल्या पट्ट्यात, फोरमनच्या हुकचा नेम बसतो तिथे, तो उभा राहतच नव्हता. सातव्या फेरीत एकदा राहिला आणि हुकने पार हलला, पडता पडता वाचला. तेव्हा फोरमनने त्याला संपवलं असतं तर आज आपण यंगचं नावही काढलं नसतं. असे एक-दोन क्षण होम्सच्या लढतीतही येणार, हे धरूनच चालावं लागेल.

आता होम्सचा जॅब. तो वरून येत नसे. डावा हात जरा खाली असायचा आणि तिथून तिरका वर चढत यायचा. समोरच्याची नजर खांद्यावर किंवा डोळ्यांवर असते, त्यामुळे खालून निघालेला हात उशिरा दिसतो. फोरमन ज्या तऱ्हेने जॅब वरून खाली थापटायचा त्याला हा वर चढणारा जॅब अडचणीचाच, कारण थापटणारा तळवा खाली येतो आणि जॅब त्याच्या आतून किंवा खालून निसटतो. शिवाय होम्स एकाच लयीत मारत नसे. पहिला नुसता डोळ्यांसमोर हात धरायला, दुसरा खरा. कधी पहिलाच खरा आणि मागे काहीच नाही. फोरमनला दुहेरी जॅबवर अंदाज बांधणं जड गेलं असतं. फेरीला 25 ते 30 जॅब, त्यातले चार-पाच छातीवर आणि पोटाच्या वरच्या भागावर, हे मी होम्ससाठी ठेवलेलं माप. छातीवरचे जॅब दिसायला निरुपयोगी वाटतात, पण पुढे येणाऱ्या जड माणसाचं पाऊल तेच अडवतात. डोकं मागे नेता येतं, छाती नेता येत नाही.

या जॅबचा रोग मात्र त्याच्या गुणातच आहे. खालून निघालेला हात खालीच परत येतो. परतीच्या वाटेवर डावा गाल आणि जबडा उघडा राहतो, आणि समोरच्याचा उजवा हात तिथे वरून येतो. 28 सप्टेंबर 1979 ला एर्नी शेव्हर्सने सातव्या फेरीत होम्सला हाच उजवा मारून आडवा केला. 1981 मध्ये रेनाल्डो स्नाइप्सनेही सातव्याच फेरीत त्याला पाडलं. एकदा झालं तर अपघात म्हणता येतं, दोनदा झालं की ती सवय असते. शेव्हर्सच्या त्या ठोशानंतर होम्स उठला कसा हे कोडंच आहे, कारण शेव्हर्स हा त्या पिढीतला सर्वांत जड उजव्या हाताचा माणूस होता. होम्स उठला, मिठी मारली, फेरी काढली आणि अकराव्या फेरीत शेव्हर्सची लढत थांबवायला लावली.

म्हणून लोक विचारतात, शेव्हर्स पाडू शकतो तर फोरमन का नाही? पाडू शकतो. पण दोघांचे उजवे हात वेगळे आहेत. शेव्हर्सचा खांद्यावरून आखूड कमानीत यायचा आणि जॅबच्या परतीवर नेमका बसायचा. फोरमनचा उजवा रुंद फिरून येतो. खांद्यापासून हनुवटीपर्यंत 70 सेंटिमीटर धरले तर सरळ ठोसा तेवढंच अंतर कापतो. तेच अर्धवर्तुळातून कापायचं तर 110 सेंटिमीटर होतात. फोरमनचा स्विंग पूर्ण अर्धवर्तुळ नसतो, तरी मधला फरक इतका असतो की होम्सचा डावा हात तेवढ्यात गालापाशी परत आलेला असतो, किंवा निदान खांदा वर आलेला असतो. उलट फोरमनचा डावा हुक जास्त धोक्याचा. होम्स उजवीकडे सरकताना त्याच्यावरच चालत जातो. जेरी कूनीसारख्या डाव्या हुकच्या उंचापुऱ्या माणसाला होम्सने 11 जून 1982 ला 13 फेऱ्यांत आवरलं, पण कूनीला रिंग कापता येत नव्हती. फोरमनपुढे होम्सने मुख्यतः आपल्या डावीकडे फिरावं, हुकपासून दूर, आणि फोरमनच्या उजव्याचा धोका पत्करावा असं माझं मत आहे, कारण तो उजवा उशिरा येतो आणि येताना दिसतो. नकळत आलेला ठोसाच माणसाला बेशुद्ध करतो. दिसलेल्या ठोशासाठी मान आवळता येते, डोकं फिरू न देता मार अंगावर घेता येतो.

लढत अशी चालेल असं मला दिसतं. पहिली फेरी होम्सची असेल, पण ती पाहून कुणी निष्कर्ष काढू नये. दुसऱ्या आणि तिसऱ्यात फोरमन जॅबची सवय करून घेतो, दोन जॅब खाऊन तिसऱ्यावर आत येतो, ढकलतो, आणि होम्स एकदा तरी खाली जातो. ती फेरी 10-8 ने फोरमनची. गुणांच्या हिशेबाने ते दोन गुण भरून काढायला होम्सला पुढच्या दोन फेऱ्या स्वच्छ जिंकाव्या लागतात. 15 फेऱ्यांत तेवढी जागा आहे. खरा प्रश्न पडल्यानंतरच्या साठ सेकंदांचा आहे. शेव्हर्ससमोर उठल्यावर होम्स पळाला नाही, त्याने मिठी मारली. फोरमन मिठी सोडवायला दंड ढकलतो, म्हणून इथे मिठी खांद्यावरून मारून चालणार नाही. एक हात काखेतून आत घालून पाठीशी लॉक करायचा आणि दुसरा मानेवर. काखेतला हात आत असेल तर ढकलायला पकड मिळत नाही. रेफ्री वेगळं करेपर्यंत सात-आठ सेकंद मिळतात, आणि अशा तीन मिठ्यांत फेरी संपते.

चौथ्या ते सातव्या फेरीत फोरमनचे हात अजून जड असतात पण संख्या कमी होते. मे 1971 मधल्या ग्रेगोरिओ पेराल्टाबरोबरच्या दुसऱ्या लढतीनंतर किंशासापर्यंत त्याला पाचव्या फेरीच्या पुढे जावंच लागलं नव्हतं. विजेतेपदाच्या तीन जिंकलेल्या लढती, फ्रेझर, होसे रोमन आणि नॉर्टन, मिळून जेमतेम पाच फेऱ्यांत संपल्या. सरावात कितीही फेऱ्या केल्या तरी प्रत्यक्ष लढतीचा ताण अंगवळणी पडत नाही. श्वास रोखून ठोसा मारण्याची सवय सुटत नाही आणि चौथ्या-पाचव्या फेरीत तोंड उघडं पडतं. आठव्यानंतर होम्सच्या जॅबमागे उजवा येऊ लागतो. शेव्हर्सच्या डोळ्यांवर झालं तेच फोरमनच्या डोळ्यांवर व्हायला लागतं. किंशासातही त्याचा चेहरा सुजला होताच. अकरा ते चौदाच्या मध्ये रेफ्री लढत थांबवेल किंवा होम्स गुणांवर जिंकेल. एका ठोशात फोरमन झोपेल असं मात्र मला वाटत नाही. 24 जानेवारी 1976 ला रॉन लाइलने त्याला चौथ्या फेरीत दोनदा पाडलं, तरी उठून पाचव्या फेरीत लाइललाच त्याने संपवलं.

फोरमनच्या कोपऱ्यात मी असतो तर एकच गोष्ट ओरडून सांगितली असती: डोक्यावर मारू नकोस. होम्सचं डोकं सापडणं कठीण, पण त्याचा डावा दंड, काखेखालच्या फासळ्या आणि पोटाची उजवी बाजू कायम जागेवर असते. पहिल्या पाच फेऱ्यांत फेरीला सहा-सात ठोसे फक्त डाव्या दंडावर बसले, तर सातव्या फेरीत तो जॅब तीन इंच खालून येतो आणि अर्ध्या वेगाने परततो. नॉर्टनविरुद्धच्या लढतीपूर्वी होम्सचा डावा हात दुखावलेलाच होता, आणि ती लढत किती अटीतटीची झाली ते आपण पाहिलं. दुसरं, आपला जॅब वापर. फोरमनचा जॅब फार जड होता आणि तो चिडला की आधी तोच विसरायचा. होम्सच्या जॅबवर जॅब मारला तर पोचीत तो दोन इंच हरतो, पण होम्सचं पाऊल थांबतं, आणि फोरमनला तेवढंच पुरतं.

लढतीच्या अटी इथे निकाल फिरवतात, आणि विचारणारे हेच विसरतात. 20 फुटी रिंग म्हणजे दोरांच्या आत सुमारे 37 चौरस मीटर. 16 फुटी केली तर 24 च्याही किंचित खाली येते, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त जागा गेली. 16 फुटांत मी फोरमनवर पैसे लावीन, विचारही करणार नाही. दोर ताणलेले असतील तर होम्सला फायदा, कारण पाठ लागताच उसळी घेऊन बाहेर येता येतं. ढिले दोर अलीला उपयोगी पडले, होम्सला ते अडकवतील. त्या काळी हेवीवेटला आठ औंसाचे ग्लोव्ह असत, पुढे दहाचे आले. दहा औंस दोघांचेही ठोसे मऊ करतात, पण जास्त फायदा होम्सचा, कारण जाड ग्लोव्हमागे जबडा लपतो. लढत 12 फेऱ्यांची केली तर होम्सच्या हातून तीन अशा फेऱ्या जातात ज्यात फोरमन सर्वांत कमजोर असता. आणि रेफ्री मिठी लगेच सोडवणारा असेल तर माझे सहा-चार पाच-पाचवर येतात.

कॉर्नरचं साठ सेकंदांचं काम थोडक्यात. होम्सच्या कोपऱ्यात पहिली दहा सेकंदं कुणी बोलायचं नाही, श्वास बसू द्यायचा. मग फक्त दोन सूचना, त्यातली एक नेहमी डाव्या हाताच्या परतीची. डोळ्याखाली सूज आली तर बर्फात ठेवलेली लोखंडी चकती दाबून धरायची, चोळायची नाही. चोळल्याने रक्त पसरतं. जखम असेल तर 1:1000 अ‍ॅड्रेनलिनमध्ये भिजवलेला कापूस थेट जखमेच्या आत, निदान तीस सेकंद दाबून, वरून व्हॅसलिन. व्हॅसलिन आधी लावलं तर औषध आत पोचतच नाही. नवखे कॉर्नरमन इथेच चुकतात.

ज्यांना हे स्वतःच्या सरावात आणायचंय त्यांच्यासाठी तीन उजळण्या. रिंगमध्ये चारही बाजूंनी दोरांपासून तीन फुटांवर चिकटपट्टी लावून 14 फुटी आतला चौकोन आखा. बाहेर राहणाऱ्याची टाच पट्टीबाहेर गेली की त्याने जॅब मारून लगेच दिशा बदलायची. तीन मिनिटांत टाच पाचपेक्षा जास्त वेळा बाहेर गेली तर पायांचं काम अजून कच्चं आहे. दुसरी, ढकलण्याची. जोडीदाराने ग्लोव्ह घालून फक्त ढकलायचं, मारायचं नाही, आणि समोरच्याने खांदा फिरवून तिरकं निघायचं. दोन मिनिटांच्या चार फेऱ्या. पहिल्या आठवड्यात जोडीदार स्वतःपेक्षा जड घेऊ नका, नाहीतर मुलं ताकदीने उत्तर द्यायला शिकतात. तिसरी, जॅबच्या परतीची. प्रशिक्षकाने डाव्या पॅडवर जॅब घ्यायचा आणि हात खालून परतला की उजव्या पॅडने डाव्या गालावर थाप द्यायची, जोरात नाही पण दरवेळी, न चुकता. हौशी लढतीत तीन मिनिटांच्या तीनच फेऱ्या असतात. तिथे समोरच्याला दमवून मारायचा डाव चालत नाही, फोरमनसारख्याचं पारडं जड होतं, म्हणून हौशी मुलाने पहिल्या दोन उजळण्यांवरच जास्त वेळ घालवावा.

ही लढत अगदीच कल्पनेतली नाही. 1999 च्या जानेवारीत ह्यूस्टनमध्ये दोघांना समोरासमोर आणायचं ठरलं होतं. फोरमन पन्नाशीचा, होम्स 49 चा. पैशांच्या व्यवहारात ती मोडली. त्या वयात मी उलट पैज लावली असती. म्हातारा फोरमन तरुण फोरमनपेक्षा शहाणा होता: हात आडवे घालून बसका गार्ड धरायचा, श्वास सोडत मारायचा, आणि दहाव्या फेरीपर्यंत थांबायची त्याची तयारी असायची. नोव्हेंबर 1994 मध्ये तेव्हाचा विश्वविजेता मायकल मूरर गुणांवर आरामात पुढे होता, तरी दहाव्या फेरीत एका आखूड उजव्या हाताने गेला. तो उजवा सरळ होता आणि त्याची कमान पूर्ण गेलेली होती, आणि होम्सचा डावा हात 49 व्या वर्षीही खालूनच परतत होता.